महामहिमांची सही

१ डिसेंबर, श्रीवर्धन

दुपारच्या जेवणापर्यंत महामहिम जन्मालाच आले नाहीत! सकाळी बसलो ते पणजोबांनी लावलेल्या सुपारीच्या बागेपासून निघाले. पणजोबा, आजोबा, आजोबांचा घोडा. घोड्याचं मी काय करू? — "तुम्ही लिहून तर घ्या, पुढे कामाला येईल." घेतलं लिहून. इतकी वर्षं बातमीदारी केली. बोलणारा कुठे थांबणार नाही हे पहिल्या वाक्यात कळतं.

मी पाणी प्यायला आत गेले तर आनंदीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, हळूच म्हणाल्या, "घोडा शेजाऱ्यांचा होता हो. आजोबा नुसते लगाम धरून उभे राहिले, फोटोपुरते."

घराण्याचा धंदाच तो.

नवं काम घेतलं की पहिल्या दिवशी सगळं मांडून ठेवायची सवय आहे, म्हणून: महादेव चौलकर, वय ऐंशी, एका डोंगराळ राज्याचे माजी राज्यपाल. राज्याचं नाव इथे लिहीत नाही, पुस्तकात पानोपानी लिहायचंच आहे. आत्मचरित्र त्यांचं, लिहिणार मी, नाव अर्थातच त्यांचं. मार्चअखेर सहस्रचंद्रदर्शन, त्याच मांडवात प्रकाशन. पुतण्या अनीश सगळं बघतो — छापखाना, मांडव, मंत्री. "मधुवंतीताई, तारीख हलायची नाही हं." तारीख हलवणाऱ्यांतली मी नव्हे.

सोमवार ते गुरुवार इथे बागेतल्या खोलीत राहायचं. मग दिघीहून लाँच, आगरदांड्याहून मुरूड आणि रेवदंड्याला घरी.

२ डिसेंबर

फाटकावर पितळी पाटी: 'महामहिम महादेव चौलकर'. खाली 'माजी' — इतकं बारीक की ते वाचायला वाकावं लागतं.

आज एक गोष्ट लक्षात आली. ते दारापाशी येऊन थांबतात. बंद दार असलं की हात पुढे करत नाहीत, नुसते उभे राहतात, हनुवटी जरा वर. मला वाटलं गुडघे दुखत असतील. आनंदीबाई मागून आल्या, दार ढकललं. "पाच वर्षं दार उघडायला माणूस होता ना. आता मी आहे."

कात्र्यांचं कपाट दाखवलं! हो, कात्र्या. फीत कापलेली प्रत्येक कात्री यांनी घरी आणली आहे. मखमलीच्या डब्या, आत चिठ्ठी — अमुक पूल, तमुक महाविद्यालय, दंतवैद्यांचं अधिवेशन. एक डबी रिकामी. ती इस्पितळाची म्हणे. मी स्वयंपाकघरात गेले तर आनंदीबाई इस्पितळाच्या कात्रीने कोथिंबीर कापत होत्या.

इस्पितळ पुढे झालंच नाही. कात्री तेवढी झाली.

४ डिसेंबर

तीन निवडणुका लढले, तीन हरले. ते सांगतात असं: "मतदारांनी मला मोठ्या कामासाठी राखून ठेवलं." हे वाक्य माझं नाही, मी एवढं चांगलं लिहिलं नसतं.

राज्यपाल कसे झाले? पक्षात दोन गट. एकाने नाव सुचवलं की दुसऱ्याची हरकत. यांच्या नावाला कुणाचीच हरकत नव्हती. अलिबागला वकिली, तीस वर्षं पक्षाच्या सभांना पहिल्या रांगेत, आणि या सगळ्या काळात एकही मत नाही — ना दिलेलं, ना मिळालेलं. मी विचारलं, "त्या काळात पक्षात एवढं रण माजलं, तुमची भूमिका काय होती?" म्हणाले, "समन्वयाची." कुणाकुणात? "सर्वांत."

लिहिलं: समन्वयाची.

७ डिसेंबर, रेवदंडा

घरी. खाडीवरून सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, बरं वाटलं. शेजारची महेरुन्निसा सकाळीच आली. तिचा अल्तमश टँकरवर ऑइलर आहे, इंजिनाचं तेलपाणी बघतो. त्यांच्या मालकाने कंपनीच गुंडाळली. जहाज आखातातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं. पगार नाही. उतरायचं म्हटलं तर उतरूही देत नाहीत, कारण जहाज रिकामं ठेवता येत नाही आणि बंदरावर यांची हमी घ्यायला एजंटच उरलेला नाही. मालक फोन उचलत नाही.

"मधूबाय, तू त्या मोठ्या साहेबाकडे जातेस ना? बोलून बघ की गो."

"तो आता माजी आहे."

"माजी म्हणजे मेला थोडाच!"

खरं आहे.

९ डिसेंबर, श्रीवर्धन

आज त्यांची सर्वांत लाडकी आठवण निघाली. अनीश आधीपासूनच हसत होता, म्हणजे घरात बऱ्याचदा ऐकली गेलेली दिसते.

राजभवनात लोकनृत्यांचा कार्यक्रम. समोर मुली डोक्यावर मेणबत्त्या ठेवून नाचताहेत. गृहसचिव धावत आले — वटहुकूम, ताबडतोब सही हवी. टेबल नाही. तेव्हा महामहिमांचा एडीसी, मागे कडक उभा राहणारा तो लष्करातला अधिकारी, पुढे येऊन कमरेत वाकला. त्याच्या पाठीवर कागद ठेवून यांनी सही ठोकली. "आणि नजर नाचावरून हलवली नाही! मेणबत्ती पडली असती तर आधी मला कळलं असतं!"

अनीश खो खो हसला. मीही थोडं हसले, धंद्यातलं हसू. आनंदीबाई उठून आत गेल्या.

कसला वटहुकूम? "तळ्याकाठची जमीन ताब्यात घेण्याचा होता काहीतरी."

काहीतरी! दुसऱ्या दिवशी मी डेस्कवर होते. वृत्तसंस्थेची बातमी मीच मराठीत केली होती: तळ्याकाठची कोळ्यांची वस्ती उठवली, गोळीबार, मेलेल्यांत बायका. पहिल्या पानावर, घडीच्या खाली. घडीच्या वर त्या दिवशी क्रिकेट होतं.

१० डिसेंबर

अनीशचा हट्ट: एडीसीच्या पाठीचा किस्सा 'हलकेफुलके क्षण' या प्रकरणात.

१७ डिसेंबर

हलकंफुलकं करता येत नाहीये. जुनी कात्रणं मागवून वाचली. त्या वटहुकुमाचं चौथं कलम असं, की मॅजिस्ट्रेटची वाट न बघता पोलिसांनी गोळी चालवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी चालवली. पुढे चौकशी आयोग. आयोगापुढे महामहिमांची साक्ष झाली. म्हणाले, राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने सही करतो, मजकूर माझ्यासमोर उलगडलाही नव्हता, कार्यक्रम चालू होता. एडीसीने दुजोरा दिला. आयोगाने मानलं. मीही मानलं असतं. या माणसाने दाराची कडी स्वतः काढलेली नाही, कलम कुठलं वाचतोय!

ज्याच्या हातून काही होत नाही त्याच्या हातून पापही होत नाही, अशी ही सोय आहे. घटनेने केलेली.

तरी विचारलं, "नंतर कधी वाईट वाटलं?"

"फार. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द करावा लागला."

६ जानेवारी

नाताळात घरीच बसून पाच प्रकरणं हातावेगळी केली. आज राजपुत्राचं प्रकरण — सबंध दिवस! आखाती देशाचा एक राजपुत्र चहाचे मळे बघायला आला होता, राजभवनात उतरला. गालिचा किती रुंद असावा यावर शिष्टाचार विभागात तंटा. राजपुत्राच्या ससाण्याला बसायला दांडी हवी, मग पडद्याचा रूळ काढून दिला. जाताना त्याने चांदीचा ससाणा भेट दिला. तो दिवाणखान्यात आहे, चोचीवर सुपारीची धूळ.

"आम्ही दोघं पहाटे बरोबर फिरायचो. मला 'काका' म्हणायचा." हा राजपुत्र आता राजाचा उजवा हात, तिथल्या बंदरखात्याचा मंत्रीही तोच.

देशाचं नाव ऐकलं आणि हातातलं पेन थांबलं. अल्तमशचं जहाज त्याच बंदराबाहेर उभं आहे.

११ जानेवारी, रेवदंडा

अल्तमशच्या पिंढरीत गंजलेला तारेचा दोर घुसला, त्याला आठवडा झाला. घरी सांगितलंच नव्हतं. आज सांगितलं, कारण उभं राहता येत नाही. जहाजावरचं औषध संपलं. कप्तानाने बंदराला कळवलं — हमी घेणारा एजंट आणा, मग उतरवू. वकिलातीला मेल केले, 'मिळाला' एवढंच उत्तर.

महेरुन्निसा रडली नाही. मासे नीट करत होती. म्हणाली, "उद्या जाशील तेव्हा विचार. मी येऊ का तुझ्यासंगती? पाया पडीन त्याच्या."

नको म्हटलं. कुणी पाया पडलं की तो माणूस आशीर्वाद देतो आणि निरोप देतो, तेवढंच.

१२ जानेवारी, श्रीवर्धन

विचारलं. शांतपणे, एक-एक मुद्दा मांडला. मुलगा असा, जहाज असं, पाय असा. राजपुत्र तुमच्या ओळखीचा, बंदर त्याचं. एक पत्र.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. हे त्यांना फार छान जमतं.

"मधुवंतीताई, मी आता माजी. परदेशाशी पत्रव्यवहार परराष्ट्र खात्यामार्फत व्हायला हवा. मी असं परस्पर लिहिणं म्हणजे मर्यादाभंग. त्या पदावर बसलेल्या माणसाला जन्मभर ते पद सांभाळावं लागतं."

"पाय जाईल त्याचा."

"मला दुःख आहे." आणि खरंच चेहरा दुःखी केला! अगदी मापाचा — शोकसभेत पहिल्या रांगेला पुरेल इतका, मागच्या रांगेला दिसणार नाही असा.

मग राष्ट्रपती भवनातल्या मेजवानीत सूप कुठल्या चमच्याने प्यायचं ते सांगू लागले. लिहून घेतलं.

१३ जानेवारी

आज टीव्हीवर सामन्याआधी राष्ट्रगीत लागलं, महामहिम ताठ उभे. अल्तमशसाठी खुर्चीतून हलले नाहीत.

१८ जानेवारी, रेवदंडा

व्हिडिओ कॉलवर अल्तमशला पाहिलं. गालफडं बसलेली, हसत होता. "मावशी, जेवण काय विचारू नका. भात आणि भात. शुक्रवारी स्पेशल भात." मग अम्मा जरा बाजूला झाली तसा कॅमेरा पायावर फिरवला. पिंढरी चकाकत होती, घोट्याखाली रंग काळपट. "बोटं कळत नाहीत आता. अम्माला बोलू नका. सेकंड इंजिनियर बोलतो, हे वर चढलं तर पायावर भागणार नाय."

महेरुन्निसाला न सांगताच सगळं कळलेलं होतं. मला अंगणापर्यंत पोचवायला आली.

"काय बोलला तुझा साहेब?"

"मर्यादा आहे म्हणाला."

"मर्यादा!" थुंकलीच. "एवढा मोठा राजवाडा, पोलिसांचा सलाम, गाडीवर झेंडा. आणि त्याची सही निस्ती नकशी काढायला? मग आमच्या अहमदचं बरं. रिक्षा चालवतो, पण ब्रेक मारला तर थांबते."

अहमद म्हणजे तिचा भाऊ. रिक्षा खरोखर थांबते, नेहमी नाही.

२० जानेवारी, श्रीवर्धन

एक विचार डोक्यात आला आहे आणि जात नाही. पुस्तकाच्या निमित्ताने त्यांची सगळी पत्रं आता मीच तयार करते — आभार, शुभेच्छा, शोकसंदेश. त्यांच्या नावाचा कागद माझ्या टेबलावर असतो, वर सोनेरी मुद्रा. ते सह्या करतात, न बघता. वाक्य कुठलं, कुणाला, कशाबद्दल — कधी विचारलेलं नाही. गेल्या आठवड्यात एका जिवंत माणसाच्या घरी शोकसंदेश जायचा होता, मीच पकडला.

न वाचता सही करणं हा यांचा एकच गुण. तो वापरायचा.

२२ जानेवारी

पत्र इंग्रजीत लिहिलं. एक पान. पहाटेच्या फेऱ्या, ससाणा, पडद्याचा रूळ — सगळं त्यांच्याच तोंडचं. मग जहाजाचं नाव, नांगराची जागा, अल्तमशचं नाव, पासपोर्ट नंबर, पाय. दुसऱ्या परिच्छेदात आई. शेवटी: आपल्या काकाचा एवढा शब्द ठेवावा.

चाळीस वर्षांत दुसऱ्याच्या नावाने पुष्कळ लिहिलं, पण तो काय लिहितोय हे त्याला ठाऊक असायचं. हे पहिलंच असं. झोपेत फरक पडला नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन. सुपारीच्या वाळवणाच्या मधोमध खांब. सोलणाऱ्या बायकांना एका रांगेत उभं केलं होतं, त्यांच्या हातातल्या सुऱ्या अनीशने बाजूला ठेवायला लावल्या. महामहिम ओटीवरून संथ चालत आले, जणू पुढे बँड आहे. मानवंदना कुणी द्यायची? बागेचं शिंपणं बघणारे भागोजी होते, त्यांनी दिली. मग महामहिमांनी आम्हा दहा-बारा जणांना 'माझ्या प्रिय देशबांधवांनो' म्हणून पंचवीस मिनिटं भाषण केलं. एक कोंबडी मधून गेली, तिच्याकडेही तशाच प्रेमाने बघितलं.

शुभेच्छांचा ढीग आला आहे. उद्या आभारपत्रांवर सह्या.

२७ जानेवारी

झालं.

ओटीवर झोपाळ्यावर बसले होते, मांडीवर लाकडी पाट, वर आभारपत्रांचा गठ्ठा. मी पत्र मधे घातलं होतं, बंदरखात्याच्या मंत्र्याचं पाकीट खाली. सह्या सुरू. एकीकडे अंगणातल्या बायकांकडे बघत राजभवनातल्या बँडबद्दल बोलत होते — बासरीवाला कसा बेसूर होता आणि त्याला काढायचा अधिकारही कसा राज्यपालांना नव्हता. मधे अनीशने फाटकातून हाक मारली, छापखान्याचा माणूस आला होता. मला उठून जाणं भाग पडलं. परत आले तर गठ्ठा संपलेला, पेनाला टोपण लावलेलं, आणि बासरीवाला अजून बेसूरच.

खोलीत येऊन बघितलं. सही आहे. लांब शेपटीची, महामहिमांची. नेहमीसारखी, ना घाईची ना ठळक.

हसू आलं आणि चीडही आली. एवढं सोपं! कुणीही यावं, काहीही ठेवावं. या हातातून एक अख्खं राज्य चालत होतं.

पोस्टात स्वतः गेले. स्कॅन करून मंत्र्यांच्या कार्यालयाला आणि आपल्या वकिलातीलाही पाठवलं.

२ फेब्रुवारी

काही नाही.

५ फेब्रुवारी, रेवदंडा

काही नाही. अल्तमशला ताप. आज फोन त्याच्या मित्राने उचलला. महेरुन्निसा मला विचारत नाही, नुसती माझ्या फोनकडे बघते.

९ फेब्रुवारी, श्रीवर्धन

सकाळी अकराच्या सुमारास घरातला जुना फोन वाजला. अनीश ओरडला, "काका! दिल्लीहून नाही, परदेशातून आहे! वकिलात म्हणतात."

मी शेवटच्या प्रकरणाची पानं हातात घेऊन दारात होते. आता विचारतील, कसलं पत्र? आणि संपलं — पत्र, मुलगा, पुस्तक, माझी चार दशकांची अब्रू, सगळं एका 'कसलं पत्र'मध्ये.

महामहिमांनी रिसीव्हर घेतला. आणि बोलू लागले, इंग्रजीत, मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात. भराभर, कोरडा.

जहाजाचं नाव सांगितलं. कुठे उभं आहे ते सांगितलं. अल्तमशचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. डावा पाय, पिंढरी. मग म्हणाले, "नाही, एजंटची हमी नको. मंत्र्यांच्या कार्यालयाने मानवतेच्या कारणावर आज परवानगी दिली आहे असं तुम्हीच मला आत्ता सांगितलंत, तर बोट आजच गेली पाहिजे. उद्या सकाळी मी मंत्र्यांना आभाराचा फोन करणार आहे. तोपर्यंत आभार मानण्यासारखं काही झालेलं असावं." ठेवला.

कागद समोर नव्हता. एकही कागद.

झोपाळ्यावर जाऊन बसले. मग म्हणाले, "मसुदा बरा होता तुमचा. दुसऱ्या परिच्छेदात आईचं थोडं जास्त झालं. पण राहू दिलं."

"तुम्ही वाचलं होतंत?"

"सही करतो ते वाचून करतो. वकील आहे मी."

"मग मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?"

माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सुपाच्या चमच्याने भात खाते आहे.

"विचारलंत म्हणून. विचारलं की मला नाही म्हणावं लागतं, पद मधे येतं. तुम्ही ठेवलंत, म्हणून केली. ज्याने ठेवलं त्याचं ते. आपण फक्त सही."

१५ फेब्रुवारी, रेवदंडा

पाय वाचला! दोन बोटं गेली, पाय वाचला. फोन आला त्याच संध्याकाळी बोट गेली होती, रात्री शस्त्रक्रिया झाली. आज इस्पितळातून अल्तमशचा फोन आला. "अम्मा, इकडे जेवणात भात नाय, मजा आहे!" महेरुन्निसा आता रडली. पदर तोंडात कोंबून, हुंदके देत, मग एकदम उठून तांदूळ वाटायला बसली.

दुपारी डबा घेऊन आली. सांदणं, वाफाळती. "तुझ्या साहेबाला दे. माझ्या हातचं चालंल ना त्याला?" मग, "लय बोलले गो मी त्याला. माफ कर म्हणावं मला." अहमद म्हणाला, साहेब कधी रेवदंड्याला आले तर रिक्षा फुकट, ब्रेकसकट.

डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. अडीच महिने या माणसाला हसते आहे. दार, कात्र्या, कोंबडी. हसण्यासारखंच आहे ते. पण त्या दिवशीचा फोनवरचा आवाज ज्याला आहे तो माणूस रिकामा नाही. आज पहिल्यांदा त्यांच्याबद्दलचं एक पान नाक न मुरडता लिहिलं. 'आपण फक्त सही' — हा त्यांचा विनयच म्हणायचा. चांगलं करावं आणि श्रेय दुसऱ्याच्या पदरात टाकावं. पुस्तकाचा शेवट यावर करावा का?

१६ फेब्रुवारी, श्रीवर्धन

सांदणं दिली. दोन खाल्ली, तिसरं मागितलं. आनंदीबाई म्हणाल्या, "राजभवनात एवढं कधी खाल्लं नाही यांनी."

संध्याकाळी 'हलकेफुलके क्षण' छापखान्यासाठी शेवटचं वाचायला घेतलं. डोक्यावर मेणबत्त्या. एडीसीची पाठ. 'मी न वाचताच सही केली आणि...'

इथून पुढे नजर सरकेना. चहा गार झाला.

१७ फेब्रुवारी

विचारलं. नाचाच्या वेळचा तो वटहुकूम, तोही वाचला होता?

"दोनदा. चौथ्या कलमापाशी जरा थांबलो होतो. पण कागद त्यांनी ठेवला होता."

पलीकडे आनंदीबाई सुपाऱ्या निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.